हरवलेल्या शिसपेन्सिलीचा हिशेब

विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उर्वरित महाराष्ट्राच्या मागून, जूनच्या शेवटच्या आठवड्यात उघडतात, आणि जुलै संपत आला की एक जुना वाद नव्याने डोके वर काढतो. यंदा त्याला निमित्त झाले नागपुरातल्या एका शाळेच्या सूचनेचे. कंपासपेटी, पट्टी, वही किंवा शिसपेन्सिल विसरणाऱ्या विद्यार्थ्याकडून दर खेपेला पाच रुपये दंड घेतला जाईल आणि तिसऱ्या खेपेला त्याला त्या तासापुरते वर्गाबाहेर उभे केले जाईल, असा तिचा मजकूर होता. ही सूचना पालकांच्या व्हॉट्सॲप गटांवर फिरली आणि बघता बघता माणसे दोन बाजूंना वाटली गेली. आजच्या मुलांना कशाचीच किंमत उरलेली नाही, खिशाला चाट बसली की आपोआप वळण लागेल, असे एका बाजूचे म्हणणे. लेकरांकडून पैसे उकळण्यापेक्षा शाळेनेच सगळे साहित्य पुरवावे म्हणजे प्रश्नच मिटला, असे दुसऱ्या बाजूचे. दोन्हीकडून तावातावाने लिहिले गेले; परंतु आपली वस्तू सांभाळायला मूल शिकते तरी कसे, या मूळ प्रश्नाकडे कोणीच वळले नाही. एकाने ते गृहीत धरले, दुसऱ्याने ते अनावश्यक ठरवले.

माझे मत असे की वर्गातले साहित्य सांभाळण्याची जबाबदारी मुलांना शिकवलीच पाहिजे, आणि ती पाढे किंवा जोडाक्षरे शिकवावीत तशी वेळ देऊन, टप्प्याटप्प्याने, चुका होतील हे धरून शिकवली पाहिजे. मुलाच्या हाती वस्तू पडेल हे पाहणे मोठ्यांचे काम आहे. हाती पडलेली वस्तू वापरणे, जपणे, हरवली तर शोधणे आणि उसनी घेतली तर परत करणे हे मुलाचे. ही दोन कामे एकमेकांत मिसळली की वाद आत्ताच्यासारखा भरकटतो. दंडाचे समर्थक मोठ्यांचे काम मुलाच्या माथी मारतात आणि सगळे फुकट द्या म्हणणारे मुलाचे काम मोठ्यांकडे घेतात. परिणामी दोन्ही ठिकाणी मूल काही शिकत नाही.

दंडाच्या बाजूने बोलणाऱ्यांचे म्हणणे सहज उडवून लावण्यासारखे नाही. शिक्षण हक्क कायदा प्राथमिक वर्गांसाठी तीस मुलांमागे एक शिक्षक असे प्रमाण सांगत असला, तरी शहरातल्या मागणी असलेल्या खासगी शाळांत एकेका तुकडीत पन्नासच्या वर मुले बसतात हे पालकांना ठाऊक आहे. भूमितीचा तास पस्तीस-चाळीस मिनिटांचा. त्यातली पहिली काही मिनिटे ‘बाई, माझ्याकडे कोनमापक नाही’ आणि ‘सर, त्यानं माझी पट्टी घेतली’ यातच जात असतील, तर ज्यांनी सगळे आणले आहे त्यांच्यावर अन्याय होतो. कित्येक शिक्षक आपल्या पदरच्या पैशांनी पेन्सिली आणून ठेवतात, आणि त्या महिनाभरात कुठे जातात ते त्यांनाही कळत नाही. दुसरीकडे असेही पालक आहेत की सातवीतल्या मुलाची कंपासपेटी घरी राहिली म्हणून ऑफिसातून अर्धा तास काढून, स्कूटर दामटत शाळेच्या फाटकावर ती पोहोचवून जातात. त्या मुलाला विसरण्याची झळ कधी लागतच नाही. अशा मुलांना पुढे कोण सांभाळणार, हा शिक्षकांचा सवाल रास्त आहे आणि त्याला ‘मुलांवर दडपण आणू नका’ एवढे उत्तर पुरत नाही.

पण या सवालातून दंडाचा निष्कर्ष निघतो का? एखाद्या वर्गात एकाच तासाला चार मुलांकडे पट्टी नाही असे धरू. एकीचे घर म्हणजे एक खोली. वडील हिंगण्याच्या एमआयडीसीत रात्रपाळी करून सकाळी झोपलेले, दप्तर भरताना दिवा लावायची सोय नाही, आणि पट्टी धाकट्याच्या दप्तरात गेलेली. विचारले की ती खालमानेने म्हणते, ‘भावानं नेली ना मॅडम.’ दुसऱ्याच्या घरी तीन कंपासपेट्या आहेत आणि तिन्ही कुठे आहेत याची त्याला फिकीर नाही. तिसऱ्याची पट्टी मोडली, आणि वडिलांचा पगार दहा तारखेला होतो. चौथ्याला लक्ष टिकवण्याचीच अडचण आहे. अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेत अवधान-न्यूनतेच्या लक्षणांमध्ये ‘शाळेचे साहित्य, पेन्सिली, पुस्तके वारंवार हरवणे’ हे नाव घेऊन नोंदवलेले एक लक्षण आहे, म्हणजे ज्याला आपण बेफिकिरी म्हणून दंड करतो ते काही मुलांच्या बाबतीत तपासणीला पाठवण्याचे कारण असू शकते. चौघांकडे पट्टी नाही ही एकच गोष्ट समान, कारणे चार. त्या चौघांना सारखीच शिक्षा करणाऱ्या नियमाला शिस्त म्हणावे, की शिक्षकाला विचारपूस करण्याच्या त्रासातून दिलेली सूट? शिवाय पाच रुपयांत बाजारात एक शिसपेन्सिल येते. दुसऱ्या मुलाला या दंडाने काही फरक पडत नाही आणि तिसऱ्याकडून मात्र आपण नेमकी त्याच्या पुढच्या पेन्सिलीची किंमत काढून घेतो.

‘विसरलास तर भोग’ या युक्तिवादात एक चलाखीही दडलेली आहे. विसरण्याचे नैसर्गिक फळ म्हणजे रेघ वाकडी येणे, शेजाऱ्याकडे मागावे लागणे, त्याचे काम होईपर्यंत थांबावे लागणे. ते फळ मुलाला जरूर मिळावे. दंड आणि वर्गाबाहेर उभे राहणे ही फळे मोठ्यांनी झाडाला बांधलेली आहेत. आणि त्यांतले दुसरे तर मूळ हेतूच्याच मुळावर येते: ज्या मुलाने कंपास आणली नाही म्हणून कोनदुभाजक काढायला तो आधीच अडखळणार आहे, त्याला कोनदुभाजक शिकवला जात असताना आपण व्हरांड्यात ठेवतो. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई केली आहे, आणि चारचौघांत अपमान करून दाराबाहेर उभे करणे त्यात बसत नाही असे ठरवायला बराच निबरपणा लागेल. मोठ्यांच्या जगाकडेही एकदा पाहावे. बँकेत पैसे भरायला गेलेल्या पन्नाशीतल्या गृहस्थाकडे पेन नसते, म्हणून काउंटरवर दोरीने बांधलेले पेन ठेवलेले असते. त्याला कोणी पाच रुपये मागत नाही आणि फुटपाथवर उभेही करत नाही.

दंडाचा उपयोग होतो की नाही यावर अंदाज बांधत बसण्याचीही गरज नाही. इस्राएलमधल्या हैफा शहरातील दहा पाळणाघरांत झालेला एक प्रयोग २००० साली प्रसिद्ध झाला आणि अर्थशास्त्रात तो आता सर्वज्ञात आहे. मुलांना न्यायला उशिरा येणाऱ्या पालकांवर त्यांपैकी सहा पाळणाघरांनी छोटा दंड बसवला. उशिरा येणारे कमी होण्याऐवजी वाढले, आणि काही काळाने जवळपास दुपटीवर गेले. आधी उशीर झाला की सांभाळणाऱ्या बाईंसमोर ओशाळे वाटे. दंड सुरू झाल्यावर ते ओशाळेपण पैसे देऊन फेडता येऊ लागले. पुढे दंड उठवला, तरी उशीर पूर्वीच्या पातळीवर आला नाही, कारण एकदा भाव ठरलेली गोष्ट पुन्हा भिडेची होत नाही. आपल्या शाळांत याचेच छोटे रूप दिसते. ज्यांच्या खिशात पैसे असतात ती मुले सोमवारी पाच रुपये टेबलावर ठेवून मोकळी होतात. दंडाचा पहिला पंधरवडा आकड्यांत चांगला दिसतो हे मी मान्य करते. मात्र पंधरवड्याचा धाक आणि वर्षभराची सवय या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

गांधीजींच्या पेन्सिलीची गोष्टही या वादात हमखास पुढे केली जाते. छोटीशी उरलेली पेन्सिल सापडेना तेव्हा दुसरी घ्यायचे नाकारून गांधीजी तीच शोधत राहिले, ही त्यांचे सहकारी काका कालेलकरांनी सांगितलेली आठवण. काटकसरीचा धडा म्हणून ती सांगितली जाते, पण तिचा अर्धा भाग सोयीस्करपणे गळतो. ती पेन्सिल त्यांना मद्रासमधल्या एका लहान मुलाने प्रेमाने दिलेली होती आणि म्हणूनच ती हरवलेली त्यांना सोसवेना. वस्तूशी नाते जुळले म्हणून तिची काळजी, असा त्या गोष्टीचा क्रम आहे. दंडाच्या धाकाने असे नाते जुळत नाही.

आता दुसऱ्या बाजूकडे वळू, कारण तिचा सर्वांत मजबूत मुद्दा तिच्याच समर्थकांनी नीट मांडलेला नाही. साहित्य शाळेनेच द्यावे या मागणीमागे केवळ गरिबीची कणव नाही. ‘ज्याचे त्याने आणावे’ या वाक्याला आपल्याकडे एक इतिहास आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी साताऱ्यातल्या आपल्या शाळेबद्दल लिहून ठेवले आहे की वर्गात बसण्यासाठी त्यांना वेगळे गोणपाट लागे, शाळा झाडणारा नोकर त्या गोणपाटाला हात लावत नसे, आणि म्हणून संध्याकाळी ते घरी न्यायचे व दुसऱ्या दिवशी पुन्हा आणायचे अशी त्या लहान मुलाला सक्ती होती. आपली वस्तू आपण आणणे, आपण सांभाळणे, आपण परत नेणे: वर वर पाहता हा जबाबदारीचा आदर्श नमुना आहे, आणि प्रत्यक्षात ती बहिष्काराची रीत होती. ज्या शहरात दीक्षाभूमी आहे त्या शहराने तरी ‘स्वतःचे साहित्य, स्वतःची जबाबदारी’ ही घोषणा देण्यापूर्वी हे गोणपाट आठवावे. एकाच डब्यात सगळ्यांचे हात जातात आणि त्यातून कोणीही कोणाचीही पट्टी उचलतो, या साध्या घटनेला इथे सोयीपलीकडचे मोल आहे. पहिली ते आठवीच्या मुलांना पाठ्यपुस्तके मोफत देण्याची योजनाही याच जाणिवेची आहे, आणि ज्यांना ती ‘फुकटेपणा’ वाटते त्यांनी सरकारी शाळेच्या वर्गात एकदा पहिल्या दिवशी पुस्तकवाटप पाहावे.

तरीसुद्धा, देऊन टाकले की काम संपले, हे मला मान्य नाही. अलीकडचाच अनुभव घ्या. दप्तराचे ओझे कमी व्हावे आणि ज्यांना वह्या परवडत नाहीत त्यांची सोय व्हावी, म्हणून राज्य सरकारने २०२३-२४ पासून दुसरी ते आठवीच्या पाठ्यपुस्तकांतच वहीची कोरी पाने जोडली. हेतूला कोणीही नावे ठेवू नयेत असा होता. पण मुले वेगळ्या वह्या आणतच राहिली, जोडलेल्या पानांचा अपेक्षेप्रमाणे उपयोग होईना, आणि जानेवारी २०२५ मध्ये हा निर्णय मागे घेण्यात आला. पाने पुरवली होती. ती कशासाठी, कोणी, केव्हा वापरायची ही सवय कोणी लावली नव्हती. ज्यात मुलाने काही ठरवायचे उरले नाही, त्यात सांभाळण्यासारखेही त्याला काही उरले नाही.

याहून मोठा आणि जुना दाखला आपल्या पूर्व विदर्भातला आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांत कोहळी समाजाच्या कसबातून उभे राहिलेले हजारो तलाव गावांच्या धानाला पाणी देत. हे तलाव मालगुजारांच्या, म्हणजे गावाचा महसूल गोळा करणाऱ्या जमीनदारांच्या, ताब्यात होते. ती मालगुजारी पद्धत शोषणाची होती आणि ती गेली हे उत्तमच झाले. तिच्यासाठी कोणी डोळे ओले करण्याचे कारण नाही. नागपूर जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी असताना, १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि तलाव सरकारजमा झाले. त्यांची कागदोपत्री मालकी बदलली, परंतु गाळ काढणे, पाळ म्हणजे तलावाचा बांध दुरुस्त करणे, पाण्याची पाळी ठरवणे ही जी रोजची निगा होती ती कोणाकडे सोपवायची, याचे उत्तर त्या बदलात नव्हते. पुढची कित्येक दशके तलाव गाळाने भरत गेले. त्यांना आजही ‘मामा तलाव’, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, असेच म्हणतात. नव्या धन्याच्या नावाने ते कधी ओळखलेच गेले नाहीत. शाळेने दिलेल्या सामाईक पेन्सिलींचे अगदी हेच होते. डबा ‘शाळेचा’ असतो, म्हणजे वर्गातल्या कोणाचाच नसतो, आणि ऑगस्टमध्ये त्यात दोन मोडकी खोडरबरे आणि टोपण नसलेला गोंद तेवढा शिल्लक राहतो.

याच भागात उलट दाखलाही आहे. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ साली त्याच्या जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. बांबू किती तोडायचा, कोणी तोडायचा, नियम मोडला तर काय करायचे हे तिथली ग्रामसभा सर्वसहमतीने ठरवते. योगायोग असा की त्याच वर्षी एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले, तेही सामाईक साधने लोक कशी टिकवतात याच्या अभ्यासासाठी. वापरणाऱ्यांनी स्वतः केलेले नियम, वापरणाऱ्यांचीच नजर आणि चुकीच्या प्रमाणात हळूहळू वाढणारी समज-शिक्षा, जिथे हे असते तिथे सामाईक गोष्ट टिकते असे त्यांना जगभर दिसले. कोणी म्हणेल, कुठे जंगल आणि कुठे चौथीच्या वर्गातला डबा. आकाराचा फरक मान्य. पण दहा वर्षांच्या मुलांना आपल्या डब्याचे नियम आपण ठरवता येत नाहीत असे कोणी ठरवले?

भाऊराव पाटलांनी तर हे याहून अवघड परिस्थितीत करून दाखवले. १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढून आणि १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह उभे करून त्यांनी सर्व जातींची मुले एकत्र ठेवली, आणि तिथले स्वयंपाकपाणी, झाडलोट, शेतातली कामे मुलांनीच वाटून घेतली. ज्यांच्या घरी सांभाळण्यासारखे फारसे काही नव्हते ती मुले भांडी, अवजारे, पुस्तके सांभाळायला शिकली, कारण त्या गोष्टींवर त्यांचा खरोखरचा ताबा होता. यात धोका नाही असे नव्हे. आपल्या जवळच, वर्ध्याला १९३७ साली नई तालीमची, म्हणजे हस्तोद्योगातून शिक्षण देण्याच्या गांधीजींच्या योजनेची, परिषद भरली. तिच्या पाठोपाठ आलेल्या झाकिर हुसेन समितीच्या अहवालातच इशारा होता की शाळा स्वतःच्या खर्चाने चालावी या बाजूवर अवाजवी भर पडला, तर शिक्षक मुलांकडून जास्तीत जास्त काम काढून घेण्यातच गुंततील आणि शिक्षण बाजूला पडेल. हा इशारा आजच्या वादालाही लागू आहे. पेन्सिली वाचवणे हे ध्येय झाले की मूल मागे पडते. शिवाय झाडलोटीची, फळा पुसण्याची, सामान उचलण्याची पाळी जर ठरावीक घरांतल्या मुलांवरच येत असेल, तर त्याला जबाबदारीचे शिक्षण म्हणणे ही शुद्ध फसवणूक आहे. पाळी यादीच्या क्रमाने फिरली पाहिजे, आणि वर्गात पहिल्या येणाऱ्या मुलीलाही ती चुकता कामा नये.

मग वर्गात नेमके काय करायचे? महापालिकेच्या एका शाळेतल्या चौथीच्या वर्गात मी पाहिलेली व्यवस्था सांगते, कारण तिच्यात विशेष खर्चाचे काही नाही. खिडकीत सोनपापडीचा एक रिकामा पत्र्याचा डबा ठेवलेला असतो. त्यात उभ्या शिसपेन्सिली, चार पट्ट्या, दोन शार्पनर, आणि शेजारी सुतळीने बांधलेली एक वही. प्रत्येक पेन्सिलीच्या मागच्या टोकाला बाईंनी ब्लेडने बोटाच्या पेराएवढी साल काढून त्या उघड्या लाकडावर बॉलपेनने ‘४ ब’ असे लिहिले आहे. ज्याला हवी तो घेतो, वहीत स्वतःच्या अक्षरात नाव आणि वस्तू लिहितो, सुटताना परत ठेवून तिथेच बरोबरची खूण करतो. शालेय मंत्रिमंडळ तर सगळ्याच शाळांत असते आणि बहुतेक ठिकाणी ते शपथविधीपुरतेच उरते. इथे साहित्याची जबाबदारी असलेली मुलगी शनिवारी शेवटच्या दहा मिनिटांत सगळ्यांसमोर डबा ओतून मोजते. कमी भरले की बाकांखाली शोधाशोध होते. बोटात धरता येत नाहीत एवढे लहान झालेले तुकडे संपलेल्या बॉलपेनच्या नळीत खोचून पुन्हा डब्यात येतात, आणि ती लांबट झालेली पेन्सिल मिळावी म्हणून मुलांत चढाओढ लागते. इथे विसरणाऱ्याला कोणी रागावत नाही, पण त्याच्यावर एक काम येऊन पडते: घेतल्याची नोंद करायची आणि परत करायचे. जबाबदारी मोजता येईल, दाखवता येईल आणि चुकली तर त्याच दिवशी दुरुस्त करता येईल एवढी ती लहान केलेली आहे.

ही व्यवस्था पहिलीत आणि आठवीत सारखी असू शकत नाही, आणि नेमके इथेच आपल्या शाळा गफलत करतात. पहिली-दुसरीच्या मुलाचे लिहिण्याचे साहित्य शाळेतच राहावे. त्याने ते जागेवर ठेवायला शिकावे एवढे पुरे. तिसरी-चौथीत स्वतःची पेन्सिल, स्वतःचे नाव आणि सुटण्यापूर्वीची दोन मिनिटे उद्याच्या यादीसाठी. ज्या मुलांना लक्षात ठेवणे जड जाते त्यांच्या दप्तराच्या झाकणाच्या आतल्या बाजूला तीच यादी चिकटवता येते, त्यात कमीपणाचे काही नाही. पाचवीपासून वेळापत्रक पाहून दप्तर मुलाने भरावे, आईने नव्हे. आणि स्कूटरवाल्या पालकांना हात जोडून विनंती की त्यांनी कंपासपेटी घेऊन धावू नये. वर्गात डबा असेल तर त्यांच्या लेकराचा तास बुडणार नाही आणि विसरल्याची जाणीवही त्याला होईल. राहिला आक्षेप वेळेचा. अभ्यासक्रम पुरा होत नसताना शनिवारची दहा मिनिटे कुठून काढायची? ती दहा मिनिटे आत्ताही जातातच, रोज थोडी थोडी, ओरडण्यात आणि दंडाचा हिशेब लिहिण्यात.

या सगळ्यात एक पक्ष साळसूदपणे बाजूला बसलेला आहे, तो म्हणजे खुद्द शाळा. मुलांनी वस्तू कशा सांभाळायच्या हे मुले शाळेच्या वागण्यावरून शिकतात, आणि शाळेचे वागणे डेड स्टॉक रजिस्टरवर, म्हणजे टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीवर, चालते. प्रयोगशाळेचे साहित्य, नकाशे, गणितपेटी, ग्रंथालयाची पुस्तके या साऱ्यांची त्या रजिस्टरात नोंद असते आणि नोंदलेली वस्तू तपासणीच्या वेळी जागेवर असली पाहिजे ही मुख्याध्यापकांवरची जोखीम असते. मोडलेली वस्तू निर्लेखित करायची, म्हणजे नोंदीतून काढून टाकायची, तर प्रस्ताव, मंजुरी, पत्रव्यवहार. त्यापेक्षा कपाटाला कुलूप लावणे सोपे. म्हणून कितीतरी शाळांत सूक्ष्मदर्शक फडक्यात गुंडाळून वरच्या खणात बसलेला असतो, गणितपेटीचे प्लास्टिकचे वेष्टन निघालेले नसते, आणि गोष्टीची पुस्तके काचेआडून वाचायची असतात. वस्तू वापरलीच नाही की ती हरवत नाही, हा धडा मुले रोज त्या कपाटाजवळून जाताना घेतात. आणि हीच शाळा शिसपेन्सिल विसरणाऱ्याला बेजबाबदार ठरवते. मुख्याध्यापकांना मी दोष देत नाही. त्यांच्यावरचा नियमही पाच रुपयांच्या दंडाच्याच जातीचा आहे. त्यांनाही वापरातली तूटफूट गृहीत धरणारी मुभा मिळाली, तर कुलपे निघतील.

शिक्षण हक्क कायद्यानुसार सरकारी आणि अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. खासगी शाळांत पालक-शिक्षक संघ असतो. व्हॉट्सॲपवर दंडाची बाजू घेण्यापेक्षा किंवा त्याचा निषेध करण्यापेक्षा पालकांनी पुढच्या बैठकीत दोन विषय लेखी मांडावेत. पहिला, प्रत्येक वर्गाला साहित्याचा एक डबा, त्याचा खर्च शाळेच्या निधीतून, आणि त्याचे नियम त्या वर्गातल्या मुलांनी ठरवलेले. दुसरा, प्रयोगसाहित्य आणि पुस्तके मुलांच्या हाती देताना वर्षाला किती तूटफूट चालेल याची आधीच मंजूर केलेली मर्यादा. पन्नास मुलांच्या वर्गात आठवड्याला चार-पाच पेन्सिली हरवतील असे धरले, तर नागपूरच्या इतवारी बाजारात घाऊक भावाने त्यांची किंमत शाळेच्या स्नेहसंमेलनातल्या एका हारापेक्षाही कमी भरते. ती रक्कम अंदाजपत्रकात ‘शिक्षण’ या शीर्षाखाली लिहावी.